‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिलं आणि बायरने दोन दिवस आधीच माल मागितला. पोस्टपोन, पुट ऑफ, कॉल ऑफ, नक्की कुठे काय वापरायचं?

निफाडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी पिंपळगावजवळ एका द्राक्ष एक्स्पोर्टच्या पॅकहाऊसला डॉक्युमेंटेशन बघतो, म्हणजे फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), पॅकिंग लिस्ट, बीएलचा म्हणजे जहाजाच्या बिल्टीचा ड्राफ्ट आणि बाहेरच्या बायरशी मेलामेली सगळं माझ्याच गळ्यात. शिक्षण बीकॉम, शाळा गावातली मराठी मीडियम, इंग्रजी कामापुरतं येतं. सीझन सुरू झाला तेव्हा शेठ म्हणाले तुझे मेल फार सरकारी वाटतात, समोरचा डच माणूस हाय म्हणून सुरुवात करतो आणि तू त्याला रिस्पेक्टेड सर आणि काइंडली डू द नीडफुल लिहितोस, जरा मोकळं लिही. मग मी रोज रात्री मोबाईलवर फ्रेजल व्हर्बचे, म्हणजे मागे छोटा शब्द जोडलेल्या क्रियापदांचे, व्हिडिओ बघायला लागलो, पुट ऑफ, लुक इनटू, गेट बॅक टू वगैरे.

आता झालं असं की गुरुवारी १३ तारखेला कंटेनर भरायचा होता आणि आदल्या रविवारी रात्री प्रीकूलिंगच्या (भरण्याआधी द्राक्षं थंड करायच्या) एका चेंबरचा कॉम्प्रेसर बसला, त्यामुळे लोडिंग शनिवारवर गेलं. सोमवारी सकाळी मेल लिहायला बसलो, हात आपोआप पोस्टपोनकडे जात होता पण म्हटलं नको, शेठ परत सरकारी म्हणतील. लोडिंग दोन दिवस पुढे गेलं ना, मग पुढे म्हणजे फॉरवर्ड, आणि ब्रॉट फॉरवर्ड हे तर आपण बीकॉमला लेजरच्या प्रत्येक पानावर लिहिलेलं, सवयीचा शब्द. लिहिलं ‘द लोडिंग हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज’. अर्ध्या तासात त्याचं उत्तर, ग्रेट न्यूज, मग मंगळवारी भरताय तर बीएलचा ड्राफ्ट उद्याच पाठव, मी इकडे बघतो.

मंगळवारी!! माझ्या पायाखालची जमीन सरकली. घाईघाईत व्हॉट्सॲपवर टाकलं ‘नॉट कॉल्ड ऑफ, ओन्ली पुट ऑफ’. तर शेठ ते वाचून म्हणतात पुट ऑफ काय लिहितो, टाळाटाळ केल्यासारखं वाटतं. आता मला काही कळेनासं झालंय. पोस्टपोन, पुट ऑफ, पुश बॅक, कॉल ऑफ, होल्ड अप यात फॉर्मल कुठलं, मोकळं कुठलं, आणि एकाच्या जागी दुसरं टाकलं तर फक्त सूर बदलतो की अर्थपण बदलतो? आणि हो, उत्तर द्या या अर्थाने रिव्हर्ट लिहिणं चुकीचं आहे असं एक जण म्हणत होता, ते खरंय का?

---

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

भाऊ आधी पाणी पी. हे सगळ्यांचं झालंय. मी अंबडला एका पार्ट्सवाल्या कंपनीत १४ वर्षं बाहेरच्या कस्टमरचं को-ऑर्डिनेशन बघतोय, माझा किस्सा शेवटी सांगतो.

तुझी चूक इंग्रजीची कमी आणि मराठीची जास्त आहे. आपल्याकडे लग्न पुढे गेलं म्हणजे उशिरा होणार, परीक्षा पुढे ढकलली म्हणजे नंतर. इंग्रजीत तारीख ब्रिंग फॉरवर्ड केली म्हणजे ती तुमच्या दिशेने ओढली, म्हणजे अलीकडे आणली, म्हणजे आधी. बरोब्बर उलटं. आपण ज्याला प्रीपोन म्हणतो ना तेच ते. प्रीपोन हा आपल्याकडचा शब्द आहे, डिक्शनरीत पण भारतीय इंग्रजी म्हणूनच दिलेला असतो, लंडनचा माणूस ब्रिंग फॉरवर्डच म्हणेल. आणि लेजरमधलं ब्रॉट फॉरवर्ड वेगळं, तिथे मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर आणतात, तिथे आपलं ‘पुढे’ बरोबर जुळतं म्हणून तू फसलास.

उशिरा करायचं असेल तर अमेरिकन लोक पुश बॅक म्हणतात, ब्रिटिश लोक पुट बॅक पण म्हणतात. म्हणजे त्यांच्याकडे ‘मागे’ ढकललं की नंतर. डोक्याला ताप आहे पण एकदा लक्षात ठेवलं की झालं. फक्त पुश बॅकला ऑन लागलं की अर्थ फिरतो हां, ‘दे पुश्ड बॅक ऑन द प्राइस’ म्हणजे भाव मान्य केला नाही, विरोध केला.

आता पुट ऑफ. तुझे शेठ बरोबर बोलले. अर्थ पोस्टपोनचाच आहे पण त्यात ‘करायचं जिवावर आलंय म्हणून लांबवतोय’ असा वास येऊ शकतो, डेंटिस्टकडे जायचं पुट ऑफ करतात तसं. शिवाय पुट ऑफचा दुसरा अर्थ मन उडणं, वासाने किंवा भावाने गिऱ्हाईक पुट ऑफ झालं म्हणजे परत यायचं नाही. घरच्या माणसाला बोलायला ठीक, बायरला कंटेनरबद्दल लिहायला मी टाळीन.

कॉल ऑफ म्हणजे रद्द. संपलं. पण यात पण गंमत आहे आणि हाच माझा किस्सा. आमच्या यूकेच्या कस्टमरने एकदा लिहिलं की पुढच्या महिन्यात ४०० नग कॉल ऑफ करतोय, आणि मी साहेबांना जाऊन सांगितलं ऑर्डर गेली. साहेबांनी शॉप फ्लोअरला सांगितलं, मशीन दुसऱ्या जॉबला लावलं. पुढचा महिना लागला तर कस्टमर विचारतोय माल कुठंय. खरेदीवाल्यांच्या भाषेत वर्षाची मोठी ऑर्डर आधीच दिलेली असते आणि त्यातून लागेल तसा थोडा थोडा माल मागवायचा याला कॉल ऑफ म्हणतात! म्हणजे त्याने माल मागितला होता आणि आम्ही रद्द समजून बसलो. त्या रात्री मी घरी जेवलो नाही.

होल्ड अप म्हणजे कोणीतरी किंवा कशाने तरी अडकवलं. गाडी कसारा घाटात हेल्ड अप झाली, पेपर कस्टममध्ये हेल्ड अप झाले. यात आपली चूक नाही असं आपोआप ध्वनित होतं. म्हणून कॉम्प्रेसर आपलाच बिघडला असताना हेल्ड अप लिहिलं तर समोरचा हसतो. आणि होल्ड ऑफ वेगळं, ते आपण मुद्दाम थांबणं, रिपोर्ट येईपर्यंत लोडिंगला होल्ड ऑफ केलं.

तुझ्या जागी मी असतो तर रीशेड्यूल्ड लिहिलं असतं, आणि दोन्ही तारखा वारासकट. फ्रॉम थर्सडे १३ टू सॅटरडे १५. बाय टू डेज असलं काही लिहायचंच नाही.

---

द्वारका_ट्रॅफिक

एवढं कशाला भो, एआयला टाकायचं मेल, तो करून देतो फॉर्मल का काय ते.

---

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

@द्वारका_ट्रॅफिक त्याचं वाक्य ग्रामरला शंभर टक्के बरोबर होतं रे. मशीनला काय माहीत ह्याच्या मनात आधी होतं की नंतर. ते त्याच चुकीला इस्त्री करून परत देणार.

---

पंचवटीचे_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे तास घेतल्यासारखं वाटलं तर सांगा, थांबतो.

निफाडच्या पोरा, तू विचारलंस सूर बदलतो की अर्थ. दोन्ही, पण सूर का बदलतो ते आधी बघ. १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं, मग पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टकचेऱ्या फ्रेंच आणि लॅटिनमध्ये आणि शेतावरचा, बाजारातला माणूस आपल्या जुन्या इंग्रजीत. १३६२ मध्ये कायदा करावा लागला की कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत करा, आणि गंमत अशी की तो कायदासुद्धा फ्रेंचमध्ये लिहिलेला! तेव्हापासून इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द राहिले, एक कचेरीतला आणि एक ओसरीवरचा. पोस्टपोन लॅटिन, पोस्ट म्हणजे नंतर आणि पोनेरे म्हणजे ठेवणे, नंतर ठेवणे, म्हणजे जवळजवळ पुट ऑफच, फक्त कोट घातलेला. कॅन्सल तर फार छान आहे, लॅटिनमध्ये जाळीला कॅन्सेली म्हणायचे, कागदावर आडव्यातिडव्या रेघा मारून जाळी केली की मजकूर कॅन्सल. आपण काट मारणे म्हणतो तेच.

आणि हे परक्या माणसाला अवघड जातं हे त्यांनाही ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची आमची जी पद्धत आहे तिने परकीयांना सगळ्यात जास्त त्रास होतो. तेव्हा तुला कळेनासं झालं यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता मराठीत ये. मीटिंग स्थगित झाली, तहकूब झाली, पुढे ढकलली, लांबणीवर पडली, बारगळली, रद्द झाली. तुला हे सहा कुठे वापरायचे कोणी शिकवलं का? नाही, पण ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये तू ‘बारगळली’ लिहिणार नाहीस आणि मित्राला फोनवर ‘आपली मिसळ तहकूब’ म्हणालास तर ती चेष्टा होते. शिवाय तहकूब म्हणजे सुरू झालेली सभा मध्येच थांबवून नंतर परत बसणे, इंग्रजीत ॲडजर्न. सुरूच न झालेली सभा तहकूब होत नाही, पोस्टपोन होते. बारगळणे म्हणजे फॉल थ्रू, कोणी रद्द केली नाही पण जमलीच नाही, सौदा फॉल थ्रू झाला. असं जोडून बघितलंस तर पाठ करावं लागत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाक. लॅटिन शब्द म्हणजे फॉर्मल आणि दोन शब्दांचं क्रियापद म्हणजे बोलीतलं, असा सरसकट नियम मी पण वर्गात २० वर्षं सांगितला, आता पस्तावतो. इंग्रजी करारपत्रं उघडून बघा, एन्टर इनटू ॲन ॲग्रीमेंट, कॅरी आऊट द वर्क, सेट आऊट इन द शेड्यूल, पानोपानी आहेत, त्यांना कोणी बोलीतलं म्हणत नाही. आपलं ‘हाणून पाडणे’ बघा ना, हाणणे काय, पाडणे काय, दोन्ही गल्लीतले शब्द, पण ‘डाव हाणून पाडला’ पेपरच्या पहिल्या पानावर छापून येतं.

---

कॉलेजरोड_क्लासवाली

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला डबल लाईक. मी कॉलेज रोडला आयईएलटीएसचे (परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा) बॅचेस घेते आणि पोरं डोक्यात भलतंच घेऊन येतात की फॉर्मल म्हणजे मोठमोठे शब्द. त्यातल्या जनरल ट्रेनिंग प्रकारच्या रायटिंगमध्ये ६० मिनिटं, पहिलं पत्र किमान १५० शब्द आणि मग निबंध किमान २५० शब्द. पत्र कधी मित्राला असतं, कधी घरमालकाला, कधी मॅनेजरला. मुलं मित्राला लिहितात ‘आय विश टू इन्फॉर्म यू दॅट आय शॅल बी अनेबल टू अटेंड’, अरे मित्र आहे का तहसीलदार? तिथे ‘सॉरी, आय कान्ट मेक इट’ हवं. आणि मॅनेजरला लिहितात ‘आय वॉन्ना सॉर्ट आऊट माय लीव्ह’. दोन्हीकडे मार्क जातात कारण ज्याला लिहितोय त्याच्याशी सूर जुळला नाही. उलट स्पीकिंगला समोर माणूस बसलेला असतो, तिथे पोस्टपोन, पर्चेस, कमेन्स करत बसलं तर पाठ केल्यासारखं वाटतं, तिथे पुट ऑफ, पिक अप, एन्ड अप मस्त चालतं.

दादा, तुमच्या कामात मला वाटतं सुरापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, फॉर्मल शब्द कधी कधी तुम्हाला बांधून घेतो. माझे मिस्टर एक्स्पोर्टमध्येच आहेत त्यामुळे घरात हे चालू असतं. समजा बायर म्हणाला माल मऊ निघाला. तुम्ही लिहिलं ‘वी विल मेक अप फॉर इट’, म्हणजे भरून काढू, पुढच्या खेपेला बघू, संबंध सांभाळू. तेच ‘वी विल कॉम्पेन्सेट यू’ लिहिलं की तो म्हणणार किती युरो? दोन्हीचा अर्थ शाळेच्या गाईडमध्ये ‘भरपाई करणे’ असाच दिलेला असतो पण दुसऱ्यात खिशातून पैसे जातात.

तसंच लुक इनटू आणि इन्व्हेस्टिगेट. ‘वी आर लुकिंग इनटू इट’ म्हणजे बघतोय, चौकशी करतोय. ‘वी आर इन्व्हेस्टिगेटिंग’ म्हटलं की काहीतरी गंभीर झालंय, कोणाची तरी चूक शोधतायत असं वाटतं, पोलीस आल्यासारखं. साध्या लेबलच्या चुकीला इन्व्हेस्टिगेट लिहून तुम्ही स्वतःच ती मोठी करता. पण एखादी खेप खरंच टेस्टिंगला फेल गेली असेल तर तिथे लुकिंग इनटू इट म्हणजे तुम्ही हलक्यात घेताय असं वाटेल, तिथे इन्व्हेस्टिगेटच पाहिजे.

नाही म्हणायचं असेल तर टर्न डाऊन, डिक्लाइन, रिजेक्ट. आपल्याला वाटतं रिजेक्ट सगळ्यात फॉर्मल. आहे पण तो थोबाडीत मारल्यासारखा. बायरचा भाव पटला नाही तर ‘वी हॅव टू डिक्लाइन’ लिहावं, ते आदबीचं. टर्न डाऊन हे तिसऱ्याला सांगताना बोलायचं, आम्ही त्यांची ऑफर टर्न डाऊन केली. आणि द्राक्षात रिजेक्ट म्हटलं की माल रिजेक्ट, तो तर शब्दसुद्धा सीझनमध्ये कोणी घेऊ नये म्हणतात आमच्या घरी.

---

निफाडचा_पोरगा

बापरे, कॉम्पेन्सेट मी मागच्या सीझनला दोनदा लिहिलंय 😰 नशीब कोणी धरलं नाही. ताई, सर, खूप धन्यवाद. अंबडवाले दादा तुमचा ४०० नगांचा किस्सा वाचून जरा बरं वाटलं, वाईट वाटून घेऊ नका.

रिव्हर्टचं कोणी बोललं नाही अजून. आणि एक शंका, पुट इट ऑफ म्हणायचं का पुट ऑफ इट? व्हिडिओत दोन्ही ऐकल्यासारखं वाटतं.

---

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

पुट इट ऑफ. नाव असेल तर कुठेही चालतं, पुट ऑफ द मीटिंग, पुट द मीटिंग ऑफ. पण इट, देम, हिम असलं की मधेच बसायला हवं, कॉल इट ऑफ, सॉर्ट इट आऊट. लुक इनटू मात्र फुटत नाही, लुक इनटू इटच, लुक इट इनटू कोणी म्हणत नाही. हे कानाने बसतं, नियम पाठ करू नको.

रिव्हर्ट भारतात, सिंगापूरला, इकडे आशियात ऑफिसात सगळीकडे चालतं, उत्तर देणे या अर्थाने. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून तो म्हणेल कशाकडे परत जाऊ बाबा. आणि रिव्हर्ट बॅक तर अजूनच. गेट बॅक टू मी लिही, मोकळं आहे पण धंद्यात सगळीकडे चालतं. त्याहून जरा नीटनेटकं हवं तर रिप्लाय. संपला विषय. डच माणसाला रिव्हर्ट कळत असेल नसेल, रिस्क कशाला.

इंटिमेटचं पण तेच. ‘वुई विल इंटिमेट यू’ आपल्या बँकेच्या, वीज बिलाच्या पत्रातली भाषा. इंग्रजांच्या इंग्रजीत इंटिमेट म्हणजे आडून सुचवणे. लेट यू नो लिही ना सरळ.

---

कॅम्पातला_माणूस

देवळाली कॅम्पला लहानाचा मोठा झालो म्हणून दोन शब्द माझे. एक म्हणजे पासआऊट. सगळी पोरं बायोडेटात लिहितात पास्ड आऊट इन २०२२. बाहेरचा वाचणारा म्हणणार चक्कर येऊन पडला का काय, पास आऊट म्हणजे बेशुद्ध होणे. पण गंमत बघा, इथेच नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला, तिकडे त्र्यंबक रोडच्या पोलीस अकादमीत, ट्रेनिंग संपलं की पासिंग आऊट परेड होते आणि ती एकदम बरोबर आहे, ब्रिटिश लष्करातला जुना शब्द आहे तो. जवान पासआऊट होऊ शकतो, बीकॉमवाला ग्रॅज्युएट होतो. माझ्या पुतण्याने दोन्ही एकत्र करून ‘पास्ड आऊट फ्रॉम परेड’ लिहिलं होतं आणि ऊन एवढं होतं की ते पण खरं असेल 😄

दुसरं म्हणजे आपल्या गावाने इंग्रजीला एक मोकळा शब्द दिलाय हे किती जणांना माहितीये? डूलॅली. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं फिरलं की ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतात. ते डूलॅली म्हणजे आपली देवळाली! इंग्रजांच्या काळात नोकरी संपलेले गोरे सोल्जर घरी जायच्या जहाजाची वाट बघत इथल्या कॅम्पात पडून राहायचे, जहाजं वर्षातले ठरावीक महिनेच सुटायची, त्यामुळे कित्येकांना महिनोन्‌महिने काम नाही धंदा नाही, वरून उकाडा, मलेरिया, दारू, आणि पोरांची डोकी फिरायची. आधी ‘डूलॅली टॅप’ म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. नंतर टॅप गळून नुसतं डूलॅली राहिलं. बायरला लिहू नका फक्त, की आमचा कॉम्प्रेसर डूलॅली झाला.

---

पंचवटीचे_मास्तर

@कॅम्पातला_माणूस अगदी बरोबर, आणि मी हे वर्गात सांगितलं की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. यंत्राला डूलॅली नाही पण ब्रेक डाऊन चालतं, आणि तेही कुठल्याही पत्रात चालतं. ‘द कॉम्प्रेसर ब्रोक डाऊन’ म्हणजे बसला, बंद पडला. फेल्ड लिहिलंस तर जरा तांत्रिक, रिपोर्टात शोभेल. मालफंक्शन्ड म्हणजे नीट चालत नाही, पूर्ण बंद पडला असंच नाही. म्हणजे पहिल्या दोघांत सुराचा फरक, पण तिसऱ्यात अर्थच बदलतो. विम्याचा क्लेम असेल तर यातला कुठला शब्द लिहिला त्याने फरक पडतो बरं का.

आणि ते फॉरवर्डचं राहून गेलं. निफाडच्या पोरा, तू एकटा फसलेला नाहीस, खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना विचारलं की बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह्ड फॉरवर्ड झाली तर आता कधी, तर काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. मानसशास्त्रवाल्यांचा हा आवडता प्रश्न आहे. आपण काळाकडे चालत जातोय असं ज्याच्या मनात असतं त्याला फॉरवर्ड म्हणजे शुक्रवार, काळ आपल्याकडे येतोय असं वाटतं त्याला सोमवार. ब्रिंग फॉरवर्डमध्ये मात्र हा गोंधळ नाही, ते आधीच. मूव्हमध्ये आहे.

---

द्वारका_ट्रॅफिक

मास्तर हे भारी आहे. मी आत्ता घरात सगळ्यांना विचारलं, मराठीत. ‘बुधवारचं दोन दिवस पुढे’ म्हटलं तर आजीपासून पोरापर्यंत सगळे शुक्रवार. एकपण सोमवार नाही. बायको म्हणाली असले प्रश्न विचारण्यापेक्षा पाण्याची मोटर लाव.

---

कॉलेजरोड_क्लासवाली

@निफाडचा_पोरगा दादा नवीन मेल लिहिला असेल तर नावं काढून इथे टाका, बघते.

---

निफाडचा_पोरगा

ताई, सोमवारीच दुपारी दुसरा मेल गेला, तोपर्यंत फक्त अंबडवाल्या दादांचं उत्तर आलं होतं. असा लिहिला होता, ‘सॉरी फॉर द कन्फ्युजन इन माय लास्ट मेल. द लोडिंग हॅज बीन रीशेड्यूल्ड फ्रॉम थर्सडे १३ फेब्रुवारी टू सॅटरडे १५ फेब्रुवारी. वन ऑफ अवर प्रीकूलिंग चेंबर्स हॅज ब्रोकन डाऊन. द व्हेसल इज अनचेंज्ड. आय विल सेंड द बीएल ड्राफ्ट ऑन सॅटरडे इव्हनिंग.’ आधी काइंडली बेअर विथ अस पण टाकलं होतं, मग काढलं.

त्याचं उत्तर आलं, ‘नो वरीज, थँक्स फॉर द हेड्स अप’. मी पाच मिनिटं हेड्स अप म्हणजे काय शोधत बसलो, मग कळलं की आधी कळवलंत ते बरं केलं एवढंच. म्हणजे त्याचा सूर माझ्यापेक्षा मोकळाच आहे.

---

कॉलेजरोड_क्लासवाली

मस्त झालाय. एकच, चेंबर ब्रोकन डाऊन झालेलं नाही ना, कॉम्प्रेसर झालाय. ‘द कॉम्प्रेसर इन वन ऑफ अवर चेंबर्स ब्रोक डाऊन ऑन संडे अँड इज बीइंग रिपेअर्ड’ असं हवं होतं, म्हणजे बिघडलं पण काम चालू आहे हे पण कळलं असतं. आणि सॉरी ठेवलंत ते चांगलं केलंत, वी रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स लिहिलं असतं तर रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट झाली असती.

---

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

नाशिकरोडला तर रोज ऐकतो, असुविधा के लिए खेद है 😄

कंटेनर गेला का शनिवारी?

---

निफाडचा_पोरगा

गेला दादा, संध्याकाळी साडेसातला सील झाला. कॉम्प्रेसरवाला मात्र अजून आलेला नाही, त्याला मराठीतच सांगतोय आणि तो रोज पुढे ढकलतोय.